सिगर्डचं बारसं

ब्रॅकनेल

मिरजेला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय, लंडन झालं का बघून?" लंडन मी पाहिलं ते विमानतळापुरतं आणि वेम्बलीच्या एका किराणा दुकानापुरतं. मी गेले होते बारशाला. आणि ते बारसं झालं ब्रिटनचा नकाशा जिथे संपतो त्याच्याही वर, समुद्र ओलांडून, ऑर्कने नावाच्या बेटांवर. आमच्या गल्लीतून तिकडे कुणी गेलेलं नाही आणि जाईल असं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

बाळ माझ्या भाच्याचं, मकरंदचं. मकरंद म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता एक मुलगा. दादा गेला तेव्हा तो शाळेत होता. माझं लग्न झालेलं नव्हतं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी होती, तेव्हा वहिनी आणि मी अशा दोघींनी मिळून त्याला मोठं केलं. करोनात वहिनीही गेल्या. आता माझं म्हणावं असं माणूस तो एकच, आणि तो ब्रॅकनेलला एका कंपनीसाठी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. बारशाला त्याचं नाव त्याच्या कानात मीच सांगितलं होतं. ऑफिसात त्याला मॅक म्हणतात.

त्याच्या बाळाला सख्खी आत्या नाही, कारण मकरंदला बहीण नाही. "मग तूच ये ना आत्या," तो फोनवर म्हणाला होता. "माझ्या कानात तू सांगितलंस, त्याच्या पण कानात तूच सांग." एवढ्या बोलण्यावर मी पासपोर्ट काढला. नाव काय ठेवायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ते ठरवून टाकलं होतं. दादाचं नाव. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं यात विचारण्यासारखं काय आहे, अशी माझी समजूत. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत मी ते नाव मनात घोळवत होते.

विमानतळावरून घरी जाताना गाडीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की नावाचं काही ठरलंय का.

"अगं, सांगितलं नाही का तुला? ऑलरेडी रजिस्टर केलंय. इकडे सिक्स वीक्समध्ये करावंच लागतं. सिगर्ड. इंगाच्या डॅडचं नाव. खूप ओल्ड नॉर्स नेम आहे, व्हायकिंग लोकांचं. कूल आहे ना?"

मी म्हटलं, छान आहे. मग बाहेर बघत बसले. मोटरवेच्या कडेला बघण्यासारखं काही नव्हतं.

इंगा ही मकरंदची बायको, मूळची ऑर्कनेची. तिचे वडील वारलेले. आई, थोराबाई, तिथे एकट्या शेत आणि गुरं सांभाळतात. बाळाने थोडं बाळसं धरल्यावर इंगा त्याला घेऊन आईकडे गेली होती. चला, पोर घेऊन माहेरी जायची तरी रीत आपल्यासारखी आहे, असं मी मनाचं समाधान करून घेतलं. थोराबाई गुरं टाकून कुठे जात नाहीत, म्हणून बारसं तिकडे करायचं ठरलं होतं. बाराव्या दिवशी करायचं ते चौथ्या महिन्यात, पण त्याबद्दल मी बोलले नाही.

ब्रॅकनेलला मी आठवडाभर राहिले. एकटं राहणं मला नवं नाही, मिरजेतही मी एकटीच असते. पण तिथे खालून कुणी हाक मारतं, वर कुणाचा तरी कुकर शिट्या देतो, भाजीवाली दारात बसकण मारून सगळ्या गल्लीची खबर देते. इथे एकसारखी विटांची घरं, एकसारखी कापलेली कुंपणं, आणि रस्त्यावर माणूस नाही. समोरच्या घरातली बाई रोज गाडीत बसता बसता मला "लव्हली डे" म्हणायची आणि मी उत्तर जुळवेपर्यंत निघून जायची. मकरंद माडीवर हेडफोन लावून काम करायचा. मी दारातून डोकावले की हात वर करून थांब म्हणायचा, मग म्हणायचा, "बोल आत्या, म्यूटवर आहे." म्यूटवर असलेल्या माणसाशी काय बोलावं हे मला सुचायचं नाही. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, पण मला कुणाला लावायचा झाला तर नंबर नाही, असं तिथे माडीच्या पायरीवर बसून वाटायचं. चिडायचं म्हटलं तरी पोरगा गुणी; रात्री जेवताना मला विचारून विचारून वाढायचा.

शनिवारी बारशाच्या सामानासाठी वेम्बलीला गेलो. हरभरे, गूळ, हळदकुंकू, झबल्यासाठी खण. गुजराती दुकानदाराने कौतुकाने बाळाचं नाव विचारलं. मकरंदने सांगितल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "वांधा नाही, घरमें सिद्धू बोलो." मला तो माणूस फार आवडला.

संध्याकाळी इंगाने व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलं आणि नावाचा अर्थही सांगितला. सिगर्ड म्हणजे विजयाचा राखणदार. बापाचं नाव आईच्या घरात पुन्हा ऐकू येईल, आईला किती बरं वाटेल, असं ती म्हणत होती. मागे थोराबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

बारशाच्या तोंडावर मकरंदच्या ऑफिसात काहीतरी मोठं सुरू व्हायचं होतं, त्याला आदल्या दिवशीच विमानाने येता येणार होतं. त्या मुक्या घरात एकटं बसण्यापेक्षा मी आगगाडीने पुढे जाते, असं मीच म्हटलं. वाटेत लँकेस्टरजवळ हॅल्टन नावाचं खेडं आहे, तिथे हजारेक वर्षांपूर्वीच्या दगडी क्रुसावर सिगर्डची गोष्ट कोरलेली आहे, असं इंगाने सांगितलं होतं. ज्याने माझ्या दादाची जागा घेतली, त्याचं तोंड तरी बघून घ्यावं.

हॅल्टन

हॅल्टनच्या चर्चच्या आवारात मी शिरले तेव्हा एक बाई कुणाच्या तरी थडग्यावरची जुनी फुलं काढून ताजी लावत होती. साडी, वर मकरंदचं जाकीट आणि पायात बूट, असा माझा अवतार पाहूनही ती दचकली नाही. सिगर्ड म्हटल्यावर हातातली फुलं ठेवून मला क्रुसापाशी घेऊन गेली.

क्रुसाचा वरचा भाग तुटलेला आहे, दगड पावसाने झिजलाय. पण बोट ठेवून दाखवलं की दिसायला लागतं. खाली लोहार बसलाय, शेजारी भाता. तो रेगिन. सिगर्ड जन्मायच्या आधीच त्याचा बाप लढाईत मेला, आणि त्याला वाढवलं, शिकवलं, तलवार घडवून दिली ती या रेगिनने. रेगिनचा भाऊ सोन्याच्या ढिगावर अजगर होऊन बसला होता. सिगर्डने खड्ड्यात दबा धरून त्याला मारलं. मग रेगिन म्हणाला, त्याचं काळीज मला भाजून दे. भाजताना झालंय का बघायला सिगर्डने हात लावला, अंगठा पोळला, तो त्याने तोंडात घातला, आणि अजगराच्या रक्ताची चव लागताच त्याला पाखरांची भाषा कळू लागली. पाखरं सांगत होती, हा रेगिन तुला मारणार आहे, तूच आधी त्याला मार. सिगर्डने रेगिनचं डोकं उडवलं. दगडावर तो अंगठा तोंडात घालून बसलाय, आणि बाजूला लोहाराचं धड पडलंय, डोकं नसलेलं.

माझं लक्ष त्या धडावरून हलेना. रेगिन लबाड होता हे कबूल. पण बापामाघारी पोर वाढवायचं, हत्यार घडवून द्यायचं, आणि पुढे कुठल्या तरी पाखरांनी सांगितलं म्हणून गोष्टीतून आपलं डोकं जायचं, हे मला आवडलं नाही. मी त्या बाईला विचारलं, रेगिनचं नाव कुणी ठेवतं का पोरांना? तिने विचार केला आणि नाही म्हणाली. सिगर्ड मात्र इकडे एके काळी पुष्कळ होते, असं तिने सांगितलं. मुलं जन्मत होती आणि हे नाव घेऊन शेती करत होती, मासे मारत होती, मरत होती.

ती गेल्यावर मी तिथल्या बाकावर बसून चीजचं सँडविच खाल्लं. एवढ्या लांब येऊन आपण एका दगडावर जळतोय, याचं हसू आलं, आणि मग एकदम रडू आलं. कुणी बघायला नव्हतं, त्यामुळे दोन्ही निवांत झालं.

परतीची बस मात्र चुकली. मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी होते. माझ्यासमोरून ती लँकेस्टरकडे निघून गेली, ड्रायव्हरने मला हातही केला. पुढच्या बसपर्यंत मी नदीच्या पुलावर उभी राहून वेळ काढला.

बोट

पुढचा प्रवास लांबचा, पण सांगण्यासारखा थोडा. इन्व्हर्नेसला मुक्काम केला. तिथून वरची गाडी दोन डब्यांची, आणि बाहेर बघावं तर तपकिरी माळ, मध्येच हरणं, आणि तासन्‌तास एक घर नाही. डब्यात मी आणि एक कुत्रा, आणि कुत्र्याचा मालक झोपलेला.

बोटीवर मात्र सोबत मिळाली. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ चिप्स खात बसले होते, जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेले. चिप्सचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि कुठे निघालात विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. आठवडाभर न बोललेली बाई ती, मला थांबवणं कठीण होतं.

सिगर्ड ऐकून ते खूश झाले. अजगरवाला सोडा, म्हणाले, आमच्या ऑर्कनेचा पहिलावहिला सरदार सिगर्ड होता. त्याने शत्रूचं मुंडकं कापून घोड्याच्या खोगिराला लटकवलं आणि ऐटीत घरी निघाला. त्या मुंडक्याचा एक दात पुढे आलेला होता. तो घोट्याच्या वर पोटरीला घासला, जखम चिघळली आणि सरदारसाहेब त्यातच गेले. मेलेल्या माणसाने चावून मारलेला तेवढा एकच सिगर्ड, असं म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या शाळेत एका वर्गात तीन सिगर्ड होते. मधल्या काळात नाव मागे पडलं, आता टीव्हीवरच्या व्हायकिंगांमुळे पुन्हा पोरांना ठेवतात. बंदराच्या गावात एक तरुण सिगर्ड रंगकाम करतो, त्याच्या गाडीवर केवढ्या मोठ्या अक्षरांत नाव आहे. गेलेल्या माणसाचं नाव त्याच घरातल्या पोराला द्यायची इथे जुनी पद्धत, त्याचं नशीब नावाबरोबर खाली उतरतं असं मानतात.

आमच्याकडेही तसंच आहे, मी म्हटलं, आणि एक चिप उचलली.

मग त्यांनी विचारलं, कुणाचं बाळ? थोराबाईंचं नाव सांगितल्यावर त्यांचं हसणं थांबलं. थोराच्या सिगर्डला ते चांगलं ओळखत होते. गायीच्या बाळंतपणाला म्हणून गोठ्यात गेला आणि तिथेच हृदय बंद पडून गेला, चार-पाच वर्षं झाली असतील. थोरा जेवायला हाक मारायची ती आमच्या शेतापर्यंत ऐकू यायची, ते म्हणाले. तीच ऐकून आम्हीही जेवायला बसायचो.

तेवढ्यात उजवीकडे हॉय नावाच्या बेटाचे तांबडे कडे आले. सगळे फोटो काढायला बाहेर पळाले. मीही गेले, पण वारा इतका होता की पदर तोंडावर आला आणि कडे मी पाहिलेच नाहीत.

शेत

ऑर्कनेत झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल. हिरवं कुरण, त्यात काळी गुरं, पलीकडे लगेच समुद्र. जून महिना, संध्याकाळचं जेवण झालं तरी बाहेर दुपारचं ऊन. थोराबाईंचं घर दगडी, बुटकं, वाऱ्याकडे पाठ करून बांधलेलं. थोराबाई स्वतः माझ्यापेक्षा हातभर उंच, हात पुरुषासारखे रुंद, बोलणं मोजकं. त्यांनी माझी बॅग एका हाताने उचलली आणि दुसऱ्या हाताने मला चहाचा मग दिला.

त्यांच्याकडे बेअर नावाचं जुन्या जातीचं जव पिकतं, त्याच्या पिठाची जाडसर भाकरी तव्यावर भाजतात, तिला बॅनक म्हणतात. थोराबाईंनी पहिली तव्यावरून उतरवून माझ्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा. बारा गावचं पाणी प्यायलेली मी, पण त्या घासाला मला घर आठवलं. बटाटा आणि सलगम एकत्र घोटून केलेलं त्यांचं भरीत मात्र फारच साळसूद. मी त्यात बॅगेतली लसणाची चटणी घातली. थोराबाईंनी चव घेतली, पाणी प्यायल्या आणि आणखी घेतली.

आणि बाळ. बाळाबद्दल काय लिहू? गव्हाळ, टपोऱ्या डोळ्यांचं, आल्या आल्या माझी बांगडी धरून बसलं. इंगा त्याला दिवसातून शंभरदा सिगर्ड म्हणून हाक मारायची. थोराबाई कधीच नाही. त्यांचं आपलं "पीडी बॉय", म्हणजे त्यांच्या बोलीत छोटू. इंगाने नाव घेतलं की त्यांच्या हातातलं काम क्षणभर थांबायचं. हे मी पहिल्या दिवशीच टिपलं, आणि मला वाटलं, मला कळलं. माझी आजी, माझी आई, कुणी नवऱ्याचं नाव घेत नसे. मला तर बरंच वाटलं, इतक्या लांब आपल्यासारखी लाजरी बाई भेटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला शेजारच्या दोघी आल्या होत्या. मला बोलायला माणसं मिळाली की माझं तारतम्य सुटतं. मी त्यांना उखाणा समजावून सांगितला. आमच्याकडे बायका एरवी नाव घेत नाहीत, पण सणासमारंभाला यमक जुळवून सगळ्यांसमोर घ्यावंच लागतं, घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. त्या हसल्या. मग मी थोराबाईंकडे वळले आणि म्हटलं, उद्या-परवा बारसं आहे, आता तुमचं नाव होऊन जाऊ दे, यमक मी जुळवून देते.

कुणी हसलं नाही. थोराबाईंनी हातातला काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला, खुर्ची मागे सारली, दारामागचा कोट घेतला आणि गोठ्याकडे निघून गेल्या. शेजारणी आपापल्या ताटात बघत राहिल्या.

भांडी घासताना इंगाने सांगितलं. तिचे वडील गेले त्या दिवसापासून आईने त्यांचं नाव उच्चारलेलं नाही. दफनाच्या वेळीही नाही. म्हणूनच तर बाळाला ते नाव ठेवलं, ती म्हणाली, म्हणजे आईला घ्यावंच लागेल आणि तिचं मन मोकळं होईल. आईला विचारलं होतंस का, असं मी विचारलं. ते सरप्राइज होतं, असं तिचं उत्तर.

सकाळी थोराबाई कुरणाच्या टोकाला, समुद्राकडच्या कुंपणाची तार ताणत होत्या. मी माफी मागायला गेले. त्यांनी मला तारेचं टोक धरायला दिलं, त्यामुळे माफी मागणं सोपं गेलं. त्यांनी तार पुढच्या खांबापर्यंत ओढली. मग तारेकडे बघतच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी त्या दारात उभं राहून तेच नाव ओरडले. दोन वेळा, रोज. तो यायचा. आता मी ओरडेन आणि दुसरंच कुणीतरी येईल."

वारा होता, गुरं चरत होती.

"मला त्यांनी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि मग मी त्यांना दादाबद्दल सांगितलं. त्याचं नाव घेऊन मी इतक्या लांब आले होते, हे मकरंदलाही ठाऊक नव्हतं. त्या परक्या बाईला मी ते माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मी गेले की दादाची आठवण असलेलं एकच माणूस उरेल, आणि त्याला दिवसभर मीटिंगा असतात. थोराबाईंनी तार बांधून संपवली. मग विचारलं, उद्या त्या समारंभात नेमकं काय करतात? नाव मोठ्याने पुकारतात का?

मी म्हटलं, नाही. आधी कानात सांगतात, फक्त बाळाला ऐकू जाईल असं. बाकीच्यांना नंतर कळतं.

त्यांनी मान हलवली आणि पक्कड खिशात घातली.

बारसं

मकरंद आदल्या संध्याकाळी आला. बारशाच्या सकाळी मी थोराबाईंच्या मोठ्या पातेल्यात हरभरे शिजवून घुगऱ्या केल्या. पाळणा इंगाचाच लहानपणीचा, तिच्या आजोबांनी किनाऱ्याला वाहून आलेल्या फळ्यांचा केलेला. या झाडं नसलेल्या मुलखात लाकूड असंच मिळायचं म्हणे. त्याला मी खणाचा तुकडा बांधला. शेजारच्या दोघी आल्या. हळदकुंकू मी पहिल्यांदा थोराबाईंना लावलं. मिरजेत यावर कुणीतरी डोळे वटारले असते, पण मिरज लांब होती. थोराबाईंनी भिंतीवरच्या आरशात कपाळ पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देऊन झालं, पाळण्यात ठेवलं, मकरंदने फोन वर धरला. "चल आत्या," तो म्हणाला, "आता तू."

एवढ्यासाठीच तर मी आले होते. पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. मला कुणी अडवत नव्हतं. मी सिगर्ड म्हटलं असतं काय आणि दादाचं नाव घेतलं असतं काय, कुणाला कळलंही नसतं. पण थोराबाई दाराशी उभ्या होत्या, कोटावर हात ठेवून, कालपरवासारख्या. मी कानात काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते तेच नाव धरलं असतं, आणि त्या बाहेर गेल्या असत्या.

मी दोरी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, या, हे तुम्ही सांगायचंय.

इंगा घाईने म्हणाली की आईला नको, आई सांगणार नाही. मकरंद मराठीत म्हणाला, "आत्या, आत्याने सांगायचं असतं ना?" मी म्हटलं, ज्याच्या घरचं नाव त्याने सांगायचं, असंच असतं आमच्याकडे. हे धडधडीत खोटं आहे, आणि मकरंदला ते माहीत असावं. त्याने फोन खाली केला.

थोराबाई आल्या. गुडघ्यावर बसल्या, पाळण्याची कड धरली आणि वाकल्या. त्यांचं तोंड बाळाच्या कानाशी बराच वेळ होतं. एका नावाला एवढा वेळ लागत नाही. त्या आणखीही काय काय सांगत होत्या. आम्हाला फक्त श्वास ऐकू येत होता. बाळ हात हलवायचं थांबलं होतं.

आता आपल्याकडे नाव सांगणारी वाकली की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. मला ते ऐन वेळी आठवलं, आणि विचार करायच्या आत मी थोराबाईंच्या पाठीत दोन बुक्के घातले. शेजारणींनी तोंडावर हात नेला. इंगा पुढे धावली. नवऱ्याचं नाव इतक्या वर्षांनी घेणाऱ्या बाईला मी मारलं होतं. थोराबाईंनी मान वर केली, तोंड ओलं झालं होतं, आणि विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, पद्धत आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि हसल्या. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

मग त्या उठून बाजूला झाल्या आणि पाळण्याची दोरी परत माझ्या हातात दिली.

"आता तुमचं," त्या म्हणाल्या. "माझ्या नावासाठी तुम्ही एवढ्या लांब आला नव्हतात."

मकरंदने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्याने विचारलंही नाही. मी वाकले. इतक्या जवळून पाहिल्यावर दिसलं की बाळाचा कान दादाचा आहे. पाळी तशीच गालाला चिकटलेली. मी तोंड उघडलं आणि दादाचं नाव बाहेर पडेना. आठवत होतं, पण जिभेवर बसत नव्हतं. तेव्हा मला कळलं, की ते नाव मी आयुष्यात कधी उच्चारलंच नव्हतं. थोरल्या भावाला नावाने कोण हाक मारतं? दवाखान्यात, बँकेत, स्मशानातसुद्धा ते वहिनींच्या भावाने नाहीतर दुसऱ्या कुणी सांगितलं होतं. मी त्याला जन्मभर एकच हाक मारली होती, आणि तो गेल्यापासून ती मारायला मला कुणी उरलं नव्हतं.

"दादा," मी म्हटलं. आणि परत म्हटलं, "दादा."

थोराबाईंचा हात माझ्या पाठीत बसला. गुरं हाकणाऱ्या बाईचा हात तो, सणसणीत बसला. मकरंद म्हणाला, "थोरा, जेंटली, प्लीज." मी तशीच वाकून राहिले, आणखी एक बसेल म्हणून.